उठाव

माझं काम भोकं पाडायचं.
आलेखावर चौकट रंगवलेली असेल तर कार्डाला भोक,
कोरी असेल तर नाही.
भोक असेल तिथे सुई आत जाते, धागा उठतो,
आणि चादरीवर मोर येतो.
सव्वीस वर्षं, अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत.
हल्ली मालाला उठाव नाही म्हणतात.
तो उठाव वेगळा.

गड्ड्यात हारिकानं हट्ट धरला.
पाळण्याला भ्यायची, मेंदीला नाही.
काळी मेंदी, पाच मिनिटांत वाळते,
वीस रुपये, कुठलीही नक्षी.
मोर काढ, मीच म्हणालो.
पिसाऱ्याचे डोळे जुळतात का
तेही मीच वाकून पाहिलं.
पोऱ्याचा हात मापात होता.
वास आला होता.
मोरीतल्या आरशापाशी, माझ्या मिशीच्या वाटीत
दर दुसऱ्या रविवारी असतो, तोच.

नवव्या दिवशी मोर उठला.
आधी चोच, मग कडा, मग एकेक डोळा
पाण्यानं भरलेला.
आंधळ्यानं बोट फिरवलं असतं तरी कळला असता.
"नान्ना, दुरद."
शाळेत ती खाज म्हणते, घरी दुरद,
रात्री नुसती नखं.

शेजारणी म्हणाल्या, नागीण आहे, गेरू लावा.
एकीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.
नागमणी विड्यांचं सूप बाजूला सारून
पुन्हा पुन्हा हात धुवत होती,
माझ्याच बोटांची तंबाखू लागली पोरीला, म्हणत.
दोन दिवस मी तिला धुऊ दिले हात.
वासाचं बोललो नाही.

मार्चात डॉक्टर हत्तुरेंनी
हारिकाच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या,
चौकटी चौकटीच्या, कडेला पेनानं आकडे.
"अठ्ठेचाळीस तास. पाणी नाही, घाम नाही."
घाम नाही. सोलापुरात.
बोल्लींचा कूलर दोन रात्रींसाठी मागून आणला,
ती पालथी झोपली,
आणि मी त्या पाठीशी बसून राहिलो.
एवढा लहान आलेख कधी हाताखालून गेला नव्हता.
सगळ्या चौकटी कोऱ्या राहू देत,
असं आमच्या धंद्यात कुणी मागत नाही.

बुधवारी पट्ट्या निघाल्या.
तिसऱ्या ओळीत एक चौकट
लाल, फुगलेली.
डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं,
मग माझ्या मिशीकडे पाहिलं आणि सोपं करून सांगितलं.
"तिच्या कातडीला हे आता पाठ झालंय.
पुढे कधीही लागलं, की उठणार.
गणवेशाचा गडद निळासुद्धा जपून."
मोठी झाल्यावर जाईल का?
ते चष्मा पुसत राहिले.

चुकून पडलेल्या भोकावर
आम्ही कागद चिकटवतो, काम भागतं.
इथे चिकटवलेला कागद काढला
तेव्हा भोक दिसलं.

त्या रात्री नागमणीला सांगितलं, वासाचं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग उठून मोरीतली वाटी, ब्रश, पुडी
जुन्या वर्तमानपत्रात बांधून मला दिली,
तूच टाकून ये म्हणाली. लांब.

जूनमध्ये बाईंना चिठ्ठी दिली.
प्रार्थनेच्या निळ्या रांगेत
आता एक पांढरा सुती फ्रॉक असतो.
पहिले चार दिवस ती रडत आली,
पाचव्या दिवशी एका मुलीनं विचारलं,
तुझा रोज वाढदिवस असतो का,
तेव्हापासून बरी आहे.

कारखान्यात म्हणतात, मल्लेशम, एकदम म्हातारा झालास की.
हारिका मांडीवर बसून पांढरी मिशी ओढते,
मनगट माझ्या नाकापुढे धरते.
"अजून दिसतो?"
उजेडात तिरपा धरला तर दिसतो.
नाही, मी म्हणतो.
"थोडासा," ती म्हणते. "पिसारा."